मेपलची मान

गिटारच्या ज्या भागावर वाजवणाऱ्याचा डावा हात फिरतो, त्याला आता सर्रास ‘मान’ म्हटले जाते. सतार घडवणाऱ्यांचा शब्द ‘दांडी’ असा आहे आणि तो अधिक नेमका आहे, हे मला मान्य आहे. तरी या लेखापुरता मी ‘मान’ हाच शब्द ठेवणार आहे. गेल्या हिवाळ्यात मस्कतमधल्या आमच्या घरात चार महिने तोच शब्द चालला, आणि माझ्या वडिलांनी त्याचा दुसरा अर्थ ज्या दिवशी काढला त्या दिवसापासून तो बदलावासा वाटला नाही.

मान करायला घेण्याचे कारण व्यावहारिक होते. ओमान सोडून मायदेशी परतणाऱ्या एका कुटुंबाने घरातले सामान विकायला काढले होते. त्यात एक इलेक्ट्रिक गिटार होती. माझ्या लेकीने साठवलेल्या पैशांतून ती पंचवीस रियालांना घेतली. गिटारचे धड उत्तम होते, तारांचा आवाज पकडणारी यंत्रणा चालू होती. पण मान गेलेली होती. बंद घरात, वातानुकूलन यंत्र बंद असताना मस्कतचे तीन उन्हाळे काढलेल्या लाकडाचे जे होते ते तिचे झाले होते. ती नुसती वाकली असती तर आतली सळई आवळून सरळ करता आली असती. तिला पीळ पडला होता. एका बाजूच्या तारा पडद्यांना घासत होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या इतक्या उंच होत्या की सतरा वर्षांच्या मुलीची बोटे दुखून येत.

अशा वेळी लिओ फेंडर या माणसाचे आभार मानावे लागतात. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी तो रेडिओ दुरुस्त करत असे. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला वाटते त्यामुळेच तो गिटारकडे यंत्र म्हणून पाहू शकला. १९५० मध्ये त्याच्या कारखान्याने जी गिटार बाजारात आणली, तिची मान धडाला सरसाने चिकटवलेली नव्हती. ती चार स्क्रूंनी बसवलेली होती. खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा, असा साधा हिशेब. शिवाय ती मान मेपलच्या एकाच तुकड्यातून कोरलेली होती. वरून वेगळी फळी चिकटवायची, त्या फळीत पडदे ठोकायचे, ही जुनी रीत त्याने सोडली आणि पडदे थेट मानेतच बसवले. १९५९ च्या सुमारास फेंडरच्या गिटारींवर शिसवी फळ्या आल्या आणि एकसंध मान काही काळ मागे पडली. पुढे ती परत आली.

तयार मान मागवता आली असती, हे इथे नोंदवतो, म्हणजे कुणी पत्र लिहून कळवायला नको. मी गेली सतरा वर्षे मस्कतमध्ये इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणांच्या देखभालीचे काम करतो. हाताला पत्रा, तांब्याची नळी आणि झाळकाम ठाऊक आहे; लाकूड ठाऊक नव्हते. पण लेक बारावीला होती आणि जुलैमध्ये पुण्याला शिकायला जाणार होती. वाजवताना तिचा हात गिटारच्या ज्या एका भागाला सतत लागणार, तो भाग आपल्या हातचा असावा एवढेच मनात होते.

त्या हिवाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, परभणीहून आमच्याकडे राहायला आले होते. पहिल्या दिवशी बाल्कनीत वाइस, रंधा, पटाशी आणि कानशी मांडलेल्या त्यांनी पाहिल्या. काय चालले आहे ते विचारले. मी सांगितल्यावर म्हणाले, ‘‘सुतारकाम शिकतोस हे चांगलेच. पण वाद्य?’’ आणि आत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसले.

आमच्या घरात वाद्य नव्हते. ते ठरवून नव्हते. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावात डफडे वाजवण्याचे काम होते. जत्रेत, वरातीत, पाटलाच्या घरी मूल झाले तर, गावात कुणी मेले तर. बोलावणे आले की जायचे, दारापासून ठरलेल्या अंतरावर उभे राहायचे, वाजवायचे आणि पदरात टाकलेली भाकरी घेऊन परतायचे. नाही म्हणण्याची सोय त्या कामात नव्हती. ही वतनदारी म्हणजे गुलामी आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले ते त्यासाठीच. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढच्या वर्षी आमच्या वस्तीने ती घेतली आणि त्याच आठवड्यात आजोबांनी डफड्याचे कातडे कापून टाकले. चौकट बाभळीची होती. ती चुलीत घातली. अण्णा तेव्हा नऊ वर्षांचे होते. ‘‘चांगली जळली,’’ एवढेच ते त्याविषयी सांगतात. त्या साली सुगीला खळ्यावर आमच्या माणसांना कुणी उभे केले नाही, हेही सांगतात, पण ते विचारल्यावर.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. गाण्या-वाजवण्याचा राग आपल्या चळवळीने कधी केला नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरत होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी तर ओमानमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांनाही पाठ आहेत. अण्णा औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकत असताना रात्र-रात्र बसून अशी गाणी ऐकत. त्यांचा आक्षेप गाण्याला नव्हता, बोलावण्याला होता. वाद्य हातात घेतले की कुणीतरी बोलावणार, ही धास्ती त्यांच्या अंगात इतकी मुरलेली होती की मी लहानपणी शाळेच्या बँडपथकात नाव दिले तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांना भेटून ते काढून घेतले होते. त्या जागी मी गणिताच्या जादा तासाला बसलो. अण्णाच तो तास घेत.

मेपल ओमानमध्ये उगवत नाही हे सांगायला नको. या देशाने लाकूड नेहमी समुद्रावरून आणले. सूरच्या गोदींत बांधल्या गेलेल्या मोठ्या गलबतांना लागणारे सागवान मलबार किनाऱ्यावरून येत असे. तिथे किनाऱ्यावर जपून ठेवलेले ‘फतह अल खैर’ हे १९५१ साली बांधलेले जहाज आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. मला मेपल मिळाला तो वादी कबीरमधल्या एका लाकूडवाल्याकडे, जिन्याच्या पायऱ्यांसाठी आलेल्या मालातला उरलेला तुकडा म्हणून. लांबी सत्तर सेंटिमीटरहून थोडी जास्त, रुंदी आठ, जाडी तीनला थोडी कमी. रंग कच्च्या तुपासारखा. वजनाला जड, नखाने दाबले तर खूण उमटत नाही.

उत्तर अमेरिकेत भट्टीत वाळवलेला मेपल सहा ते आठ टक्के ओलाव्यापर्यंत आणतात. तो जहाजातून मस्कतच्या दमट किनाऱ्यावर येतो, गोदामात पडून राहतो आणि हवेतले पाणी पिऊन फुगतो. मग आपण तो वातानुकूलित खोलीत नेतो आणि तो पुन्हा आकसतो. ही ये-जा थांबल्याशिवाय त्याला हात लावण्यात अर्थ नसतो. म्हणून तो तुकडा सहा आठवडे लेकीच्या खोलीत, जिथे गिटार राहणार होती तिथेच, दोन पट्ट्यांवर आडवा ठेवला. दर शुक्रवारी वजन करायचो. सलग दोन शुक्रवार वजन तेच भरले तेव्हा काम सुरू केले. नोव्हेंबर संपत आला होता आणि बाल्कनीत दुपारीही बसता येऊ लागले होते.

एकसंध मानेतली अवघड गोष्ट तिच्या नावातच आहे. मानेच्या पोटात एक पोलादी सळई बसवावी लागते. तिला ट्रस रॉड म्हणतात. गरजेप्रमाणे आवळता येणाऱ्या अशा सळईचे पेटंट गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मिळाले होते. वर वेगळी फळी असेल तर वरून खाच पाडून सळई ठेवायची आणि फळीने झाकायची, काम सोपे. फळीच नसेल तर मागून शिरावे लागते. मानेच्या पाठीत लांबट खाच, तीही सरळ तळाची नाही. दोन्ही टोकांना ती पडद्यांच्या बाजूला खोल जाते आणि मध्यभागी पाठीकडे उथळ होते, म्हणजे सळई हलकी कमान घेऊन बसते. तारा मानेला पुढे ओढतात. सळई आवळली की ती सरळ होऊ पाहते आणि मानेचा मध्य पुढे ढकलून टोक मागे नेते. दोन ओढींचा हा तोल आहे. खाच बुजवायला अक्रोडाची गडद पट्टी चिकटवतात. फिकट मेपलच्या पाठीवर दिसणारी ती काळपट रेघ अशा गिटारींची ओळखच झाली आहे.

खाच पाडण्यासाठी राउटर लागतो आणि राउटरचा आवाज इमारतीत कुणी सहन करणार नाही. ते काम घला औद्योगिक वसाहतीतल्या एका फर्निचर कारखान्यात, सुटीच्या दिवशी, तिथल्या बांगलादेशी कारागिराच्या मदतीने झाले. त्याने तुकडा हातात घेतला, एक डोळा मिटून लांबीवर पाहिले, पालथा केला, पुन्हा पाहिले आणि पेन्सिलीने एका टोकाला फुली मारली. ‘‘डोकं इकडे करा. रेषा या बाजूला बाहेर पळते आहे, इथे बारीक केलं तर तुटेल,’’ असे तो हिंदीत म्हणाला. त्याने गिटार कधी हातात घेतली नव्हती. लाकडाची रेषा वाचायला ती घ्यावी लागत नाही. चहा घेताना त्याने पगार सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, पण मिस्त्रीला आणि यंत्रावर नुसत्या उभ्या राहणाऱ्या पोऱ्याला त्या कारखान्यात जवळपास सारखेच मिळत होते.

अण्णा वर्तमानपत्रातून बाहेर आले ते आकड्यांमुळे. पडदे कुठे बसवायचे हे डोळ्याने ठरत नाही. आपल्या गिटारच्या धडावरची घोडी मुळातच ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेसाठी बसवलेली होती, म्हणून तो आकडा आम्हाला बांधून मिळालेला होता. उरलेले सगळे त्यातून निघते. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचे. जे येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागायचे, तिथे दुसरा. असे एकवीस वेळा. मी हे संगणकावर काढायला बसलो होतो. निवृत्त गणित शिक्षकाला ते पाहवले नाही.

‘‘१७.८१७ कुठून आले?’’ त्यांनी विचारले. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडायचे आणि बाराव्या पायरीवर तार बरोबर अर्धी झाली पाहिजे; म्हणजे दोनचे बारावे मूळ. त्यांनी लेकीची वही ओढून घेतली. पहिला पडदा ३६.३७, दुसरा ७०.७०, पाचवा १६२.५५. चार दशांश स्थळांपर्यंत त्यांनी हाताने भागाकार केले आणि बाराव्या पडद्याला ३२४.०० आल्यावर पेन खाली ठेवून आम्हा सगळ्यांकडे पाहिले. लेकीने मग त्यांना आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. पूर्वी ल्यूट नावाच्या वाद्याचे पडदे बसवताना कारागीर १८ ने भागत. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिली यांनी १५८१ च्या ग्रंथात हाच भाग सुचवला होता. अण्णांनी तोही हिशेब केला. बारावा पडदा ३२१.६४ वर आला. अर्ध्याला सव्वादोन मिलिमीटरहून जास्त कमी. ‘‘गॅलिलिओच्या बापाला पूर्ण मार्क देता येणार नाहीत,’’ ते म्हणाले. पुढचे दोन दिवस ते त्याच आनंदात होते.

त्यानंतर बाल्कनीत त्यांची खुर्ची कायमची पडली. खाचांसाठी बारीक करवत लागते, तिचा चीर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित रुंद. मी कापायचो, ते गुण्या धरायचे आणि पोलादी पट्टीवर आकडा वाचून सांगायचे. प्रत्येक माप शून्यापासून, मागच्या खाचेपासून नव्हे, हा आग्रह त्यांचाच. मागच्या खाचेपासून मोजत गेले की प्रत्येक वेळची केसाएवढी चूक पुढच्यात मिसळते, हे त्यांनी चाळीस वर्षे मुलांना सांगितले होते.

या कामाच्या निमित्ताने दोन गोष्टी वाचल्या, त्या इथे सांगितल्याच पाहिजेत. मिरजेला तंतुवाद्ये घडवणारी घराणी मुळात शिकलगारांची. तलवारी आणि शस्त्रांना धार लावणारी माणसे. शस्त्रांचे दिवस संपले तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी सतार-तंबोऱ्याची कारागिरी हाती घेतली आणि तिथून मिरजेचे नाव झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुसरी गोष्ट ओमानची. सुलतान काबूस यांनी १९८५ मध्ये देशाचा सिंफनी वाद्यवृंद उभा करायचे ठरवले तेव्हा ओमानी तरुण-तरुणींना अगदी आरंभापासून शिकवून तयार केले गेले. १९८७ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. यातल्या बहुतेकांच्या घरात व्हायोलिन किंवा चेलो आधी कुणी हातात घेतलेले नव्हते. अण्णांना ही दुसरी गोष्ट फार आवडली. पहिल्या गोष्टीवर त्यांनी विचारले, ‘‘त्यांना कुणी सांगितले होते का, की तुम्ही धारच लावत बसा?’’ मला उत्तर देता आले नाही.

पाठ कोरण्याला तीन शुक्रवार लागले. या कामात यंत्राचा उपयोग नाही. आधी जाडी ठरवायची: पहिल्या पडद्याशी एकवीस मिलिमीटर, बाराव्याशी तेवीस. मग चौकोनी पाठीच्या दोन्ही कडा तिरक्या छिलायच्या, त्यातून उरलेल्या कडा पुन्हा छिलायच्या, असे करत चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचा गोलावा. कानस आडवी चालवली की मेपल पिठासारखा झडतो. शेवटचा हात फुटलेल्या काचेच्या कडेने दिला. काच लाकडाचे पापुद्रे जितके सफाईने काढते तितके कुठलाच कागद काढत नाही. दर अर्ध्या तासाने लेकीला हाक मारायची. ती डोळे मिटून मान हातात धरायची, अंगठा वर-खाली फिरवायची आणि ‘‘पप्पा, इथे अजून,’’ म्हणत पेन्सिलीने खूण करायची. एका संध्याकाळी तिने खूण केली नाही. काम तिथे थांबवले.

त्याच संध्याकाळी अण्णांनी मूळ प्रश्न विचारला. इतके दिवस तो त्यांच्या मनात होता हे आम्हाला कळत होते. ‘‘हे सगळे झाले,’’ ते नातीला म्हणाले, ‘‘पण तू वाजवणार कुठे उभी राहून?’’

मला तो प्रश्न पूर्ण कळला. तिला तो अर्धाच कळला असावा, कारण ती सहज म्हणाली, ‘‘मध्यभागी, आजोबा. जयंतीच्या कार्यक्रमात. गाणारे बाजूला असतील.’’

‘‘बोलावले आहे का कुणी?’’

‘‘बोलावलं नाही. आम्हीच ठरवलंय.’’

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. खाली मशिदीतून मगरिबची अजान झाली, ती संपेपर्यंत आम्ही तिघेही गप्प होतो. मग त्यांनी स्वतःहून बाबासाहेबांचा विषय काढला. उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना, बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना वाचून ठाऊक आहे. अण्णांनाही ठाऊक होते. वर्गात ते ही गोष्ट चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगत. वाद्याची गोष्ट म्हणून त्यांनी ती कधी सांगितली नव्हती. लेक म्हणाली, ‘‘आजोबा, व्हायोलिनची मान मेपलचीच असते.’’ ‘‘कशावरून?’’ त्यांनी शिक्षकाच्या सवयीने विचारले. तिने दाखवले. व्हायोलिनची पाठ, कडा आणि मान परंपरेने मेपलची, वरचा पत्रा स्प्रूसचा, बोटांखालची काळी पट्टी आबनुसाची. त्यांनी ते दोनदा वाचले. मग माझ्या हातातली मान घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्यावरून हात फिरवला. काही म्हणाले नाहीत.

पडदे ज्या धातूचे असतात त्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. त्यात चांदी अजिबात नाही. तांबे, निकेल आणि जस्त. जुन्या घरांतल्या वाट्या-ताटांचा तोच धातू. एकवीस पडदे एका सकाळी ठोकून झाले. त्यांच्या टोकांना कानस लावण्याचे काम कंटाळवाणे असते, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मेपलवर मात्र लाख चढवावीच लागते. शिसवीची फळी उघडी ठेवता येते. मेपल उघडा ठेवला तर बोटांचा घाम आणि मळ शोषून काळा पडतो. पुसून लावण्याच्या पॉलियुरेथेनचे आठ पातळ हात पाहुण्यांच्या न्हाणीघरात दिले, कारण मस्कतच्या कुठल्याही बाल्कनीपेक्षा तिथे धूळ कमी असते. घरात आठवडाभर वास होता आणि घरातल्या मंडळींची त्यावरची मते मी इथे देत नाही.

तारा चढवल्यावर सहा तारांची मिळून ओढ सुमारे ४६ किलो भरते. सिमेंटच्या पोत्याला थोडी कमी. दोन बोटे जाडीच्या लाकडावर एवढे ओझे कायम असते, दिवसरात्र, वाजवा अथवा न वाजवा. सोण थेरांची गोष्ट अण्णांनी इथे सांगितली, अर्थातच. चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ झालेल्या सोणाला भगवंतांनी वीणेचा दृष्टांत दिला: तारा अति ताणल्या तरी वीणा बोलत नाही, ढिल्या सोडल्या तरी नाही. ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण चार महिने हे काम केल्यावर मला त्यात तारांपेक्षा वीणेच्या दांडीचाच विचार येऊ लागला. ताण योग्य असला तरी तो कुणीतरी सोसतच असते.

आणि आता ‘मान’ या शब्दाविषयी. तारा लागल्यावर मान तपासतात ती अशी: एक तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबायची आणि मधे, सातव्या-आठव्या पडद्याशी, तार व पडदा यांत किती फट राहते ते पाहायचे. फट अजिबात नसेल तर हलणारी तार पडद्यांवर खडखडते. पाव मिलिमीटर हवी. म्हणजे मान काटेकोर सरळ नको, किंचित पुढे झुकलेली हवी. हे मी अण्णांना समजावून सांगत होतो. ते चष्मा सारून म्हणाले, ‘‘आयुष्यभर मुलांना मान ताठ ठेवा म्हणून सांगितले. तू म्हणतोस ताठ मान वाजत नाही?’’ मी म्हटले, पाव मिलिमीटर. त्यांनी माझ्या हातून फट मोजण्याची पाती घेतली, स्वतः सरकवून पाहिली. ‘‘पाव चालेल,’’ म्हणाले. ‘‘त्याहून जास्त नको.’’ मी सळई थोडी आवळली.

धडात बसणाऱ्या मानेच्या टाचेवर, जिथे बसवल्यावर कुणाला दिसत नाही, तिथे पेन्सिलीने खूण करण्याची रीत फेंडरच्या कारखान्यातली आहे. १९५० च्या दशकात तिथे टॅडिओ गोमेझ नावाचा मेक्सिकन वंशाचा कामगार माना कोरत असे. तो टाचेवर आपल्या नावाची दोन अक्षरे आणि तारीख लिही. त्या गिटारी वाजवून इतर लोक जगप्रसिद्ध झाले. आज जुनी गिटार विकत घेणारे श्रीमंत संग्राहक सर्वांत आधी चार स्क्रू काढून ती दोन अक्षरे शोधतात. मी अण्णांना पेन्सिल दिली. त्यांचे अक्षर घरात सर्वांत चांगले. मला वाटले होते की ते आजोबांचे नाव लिहितील. त्यांनी नाव कुणाचेच लिहिले नाही. मस्कत, फेब्रुवारी, सन आणि खाली ६४८ ÷ १७.८१७. मग स्वतःच चार स्क्रू फिरवले.

ते मार्चच्या आधी परभणीला परतले. एप्रिलच्या कार्यक्रमाचे चित्रण आम्ही त्यांना पाठवले. लेक मध्यभागी उभी होती. फोनवर त्यांनी एवढेच विचारले, की पाचव्या पडद्याचा सूर बरोबर लागत होता का. लागत होता.

जुलैमध्ये तिने सामान भरले. गिटार पेटीत मावत नव्हती. तिने स्क्रू काढले. मान सुटी केल्यावर धड कपड्यांत गुंडाळून मोठ्या पेटीत बसले आणि मान तिरपी करून हातातल्या बॅगेत. पुण्याला त्या वेळी पावसाळा. मस्कतच्या वातानुकूलित खोलीतून गेलेले लाकूड तिथे थोडे हलणारच. सळईचा नट टाचेच्या बाजूला आहे. घड्याळाच्या दिशेने फिरवला की मान मागे जाते, उलट फिरवला की पुढे. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि मग एक रात्र तशीच ठेवायची, हे मी तिला दोनदा सांगितले. तिने ते अण्णांच्या भागाकारांच्या वहीत, शेवटच्या पानावर, लिहून घेतले.